मेडशीचा धुरा आणि इंगोले मॅडम

डॉ. विमल इंगोले यांची आणि माझी पहिली भेट मुलाखतीची. फिजिओथेरपीची पदवी घेऊन मी माणसांच्या चालीचा अभ्यास करणाऱ्या आमच्या वाशिमच्या केंद्रात गेले, तर मॅडमनी प्रमाणपत्रे बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "चपला काढा आणि चालून दाखवा." सांध्यांवर चकाकते गोळे चिकटवून त्यांनी मला कॅमेऱ्यांसमोर दहा वेळा चालवले. पडद्यावर ठिपक्यांची मी चालत होते. "उजवा पाय जपता तुम्ही. कधी पडला होतात?" त्यांनी विचारले. शाळेत असताना पडले होते; घरचेसुद्धा ते विसरले होते.

मॅडमच्या मेडशी गावच्या कौसल्याकाकू शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, पडल्या आणि खुब्याचे हाड मोडले. ऑपरेशनला वर्ष झाले तरी त्या अंगणापुढे जात नव्हत्या. आमच्या चाचणीला अंगाबरोबरचे कपडे लागतात, काकू नऊवारीतल्या. मॅडमनी पुरुष सहकाऱ्यांना बाहेर पाठवले, काकूंचा कासोटा स्वतः आवळून दिला आणि गोळ्यांच्या जागा त्याप्रमाणे बदलल्या.

फरशीवर काकूंची चाल चांगली निघाली. मग त्यांना व्हर्च्युअल रिअॅलिटीचा चष्मा लावला. पाय फरशीवरच, पण डोळ्यांपुढे शेत आणि धुरा. तो धुरा तयार करायला मला चार महिने लागले होते. त्यावरचा शोधनिबंध पाठवायचाच बाकी होता. काकू त्यावरूनही सरळ चालल्या. चष्मा काढून म्हणाल्या, "कोणाचा धुरा व्हय व विमल हा? याच्यावर गवत नाही, तूर अंगाले लागत नाही. इथं कोण पडते?"

"मंग कसा पायजे? सांगा मले, काकू," म्हणत मॅडम वही घेऊन त्यांच्याजवळ बसल्या.

माझा निबंध त्यांनी थांबवला. मला राग आला. दोन दिवस मी कामापुरतेच बोलले. त्या एवढेच म्हणाल्या, "चाल बरोबर मोजली, पण वाट चुकीची दिली. हे छापायचे कसे?" रविवारी त्या मला मेडशीला घेऊन गेल्या आणि काकूंच्या शेतात गुडघे टेकून धुऱ्याची रुंदी मोजू लागल्या. टेपचे दुसरे टोक मी धरले. राग तिथेच ओसरला.

त्या मापांनी मी चष्म्यातला धुरा गवत-तुरीसह नव्याने तयार केला. त्यावर काकू सहाव्या पावलाला थांबल्या आणि त्यांनी मॅडमचा हात घट्ट धरला. "इथंच पडली मी." हाड जुळले होते, भीती तशीच होती. मग छताला बांधलेल्या पट्ट्याने सावरून रोज थोडे पुढे, असा सराव सुरू झाला. दीड महिन्याने काकू आपली तूर बघायला स्वतः शेतात गेल्या. मॅडम मागून चालत होत्या, हात मोकळे.

"मोजायचे नाही का?" मी विचारले.

"आज नुसते पाहू द्या," त्या म्हणाल्या.

निबंध वर्षभराने छापून आला. पहिले नाव माझे होते, आभारात काकूंचे. दोन्ही मॅडमनीच लिहिली होती.

आता मॅडमना साठ वर्षे पूर्ण होत आहेत आणि शिरपूरच्या शाळेत मुलांच्या चालीचा अभ्यास सुरू करायचे त्यांनी ठरवले आहे. त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो, गुडघे कधी कुरकुरू नयेत, आणि त्या शाळेचा जिना त्यांनी पुढची पंचवीस वर्षे आम्हा सर्वांच्या आधी चढावा.