‘घरचीच’ बाईची चौकशी

नोकरीत खून, दरोडे बरेच हाताळले, पण मुळशीतली ती साधी चौकशी अजून मनातून जात नाही.

शनिवार होता. निम्मे कर्मचारी धरणाकडच्या रिसॉर्टच्या बंदोबस्तावर. ठाणे अंमलदाराने डायरीतली नोंद दाखवली. एका बाईने नाव न सांगता फोन केला होता: भातलावणीला दरवर्षी नांदेडकडून येणारी एक मजूर बाई खोटी आहे. ती शेतमालकाच्या घरचीच आहे, तरी मजुराचा दाखला काढून तिने मुलीला स्थलांतरित शेतमजुरांच्या सरकारी वसतिगृहात घातलंय. हे खरं ठरलं तर फसवणुकीचा गुन्हा, आणि मुलीची शाळा बंद.

महिला हवालदाराला घेऊन मी त्या घरी गेलो. मालकीण म्हातारी पडवीत बसलेली, मजूर बाई नुकतीच खाचरातून आलेली. मी सरळ विचारलं, “आजी, ही तुमची कोण?”

“घरचीच हाय की! हिच्यावानी लावणी आमच्यात कुनाला जमत न्हाई.”

मजूर बाईचा चेहरा पडला. “मावशी, तसं नका म्हनू ओ!”

“नातं काय?” मी आवाज चढवला.

“नातं कसलं, सायेब? ती नांदेडची, आमी मावळातली. रोजानं येती, पर लई जीव लावती.”

फोनवरचा शब्द आणि म्हातारीचा शब्द एकच. म्हणजे फोन करणारीने तो याच पडवीत ऐकला होता. तेवढ्यात सून चहा घेऊन आली. “आधी तिला दे, चिखलातनं आलीया,” म्हातारी म्हणाली. सुनेने कप असा आदळला की निम्मा चहा बशीत.

तिला अंगणात बाजूला घेतलं. आधी ‘न्हाई, न्हाई’, मग पदर डोळ्यांना. “व्हय, म्याच केला फोन! माझी पोरं मोठी झाली ह्या घरात. मला अजून लोकाची लेक म्हनत्यात, आन् ही पाव्हणी घरची? लई जळतं, सायेब.”

जमिनीचे वाद पोलिसाला ठाण्यात कळतात. मत्सर कळायला संसारच करावा लागतो. सुनेला चांगला दम भरला आणि म्हातारीचा जबाब घ्यायला बसलो. मुलीची वसतिगृहातली जागा वाचायची तर नातं नाही हे म्हातारीने स्पष्ट सांगणं भाग होतं.

“ती आमच्या घरची न्हाई,” म्हातारी कशीबशी म्हणाली. सुनेला ऐकायचं होतं ते हेच वाक्य. अंगठा उमटवल्यावर म्हातारी मजूर बाईकडे बघेना.

शेवटी मजूर बाईच म्हणाली, “मावशी, मी मजूरच बरी बगा. घरचं म्हनायचं तर वैनीला म्हना.”

म्हातारीने सुनेकडे पाहिलं आणि अंगठ्याची शाई लुगड्याला पुसत बसली.

तेव्हापासून कुठलीही तक्रार आली की तक्रारदाराला काय मिळालेलं नाही, ते मी आधी बघायचो. कौतुकाला काय पैसे पडतात, असं आपण म्हणतो. तिथे एका मुलीची शाळा जाता जाता राहिली.