कॅलेंडरवरची मिनिटं

मुलगी दहावीत गेली आणि बीजगणिताच्या पहिल्या घटक चाचणीत वीसपैकी नऊ घेऊन आली. नववीत ती सोळाच्या खाली कधी उतरली नव्हती. मधल्या काळात घरात एकच गोष्ट बदलली होती, तिला स्वतःचा फोन मिळाला होता. क्लासचे व्हिडिओ फोनवरच येतात, म्हणून मीच तो आणला होता.

मी डोंबिवली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात दर तासाला टाक्यांचं तापमान नोंदवतो. आकडा लिहिला की आत काय चाललंय ते कळतं, ही त्या कामाची सवय. दिवसभरात किती मिनिटं वापर झाला ते फोनच दाखवतो. तो आकडा मी रोज भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहू लागलो. १९०. २१५. २४०.

"दुधाचे खाडे लिहायला थोडी जागा ठेवा," बायको म्हणाली.

निम्मा वेळ रील्समध्ये जातो, याची मला खात्री होती. मुलगी म्हणायची, "बाबा, क्लासचेच व्हिडिओ आहेत." माझा विश्वास बसत नव्हता. आकडा अडीचशेच्या वर गेला की पूर्वपरीक्षेपर्यंत फोन कपाटात, असं मी सांगून टाकलं.

एका गुरुवारी २६० मिनिटं झाली. शुक्रवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते. फोन काढून घेण्याआधी एकदा डोळ्यांनी बघावं, म्हणून ती दुपारी अभ्यासाला बसल्यावर मी शेजारी खुर्ची ओढली.

"आई, पोलीस आले," ती म्हणाली.

व्हिडिओ क्लासचाच होता. चाळीस मिनिटांत तिने दुसरं काहीही उघडलं नाही. सर फळ्यावर वर्गसमीकरणं सोडवत होते, ती मान डोलवत होती. मलाही सगळं समजत होतं, आणि तिथेच मला शंका आली. शाळेत मला वर्गसमीकरणं कधीच जमली नव्हती.

मी फोन पालथा ठेवला. "आता यातलं शेवटचं तू कर."

दुसऱ्या ओळीनंतर पेन थांबलं. "आत्ता तर येत होतं."

"सरांना येत होतं."

ती हसली नाही. मग म्हणाली, "फोन घे हवा तर. पण अडलं की विचारू कुणाला?"

तीन आठवडे मी मिनिटं लिहिली होती, तिची वही एकदाही पाहिली नव्हती. ती आता उघडली. पानामागून पान सुबक, कुठेही खाडाखोड नाही. सगळं पडद्यावरून उतरवलेलं.

फोन तिच्याकडेच राहिला. मात्र व्हिडिओ मध्येच थांबवायचा आणि पुढची ओळ आधी आपण लिहायची, असं ठरलं. कॅलेंडरवर मिनिटांऐवजी तिने स्वतः सोडवलेल्या गणितांचा आकडा.

शनिवारी कामावरून आल्यावर विचारलं. "तीन," ती म्हणाली.

मी वही मागितली. दोन गणितांत भरपूर खाडाखोड होती. तिसरं अगदी स्वच्छ होतं.

मी कॅलेंडरवर दोन लिहिले.