दोनदा अडवलेले पैसे

हॉटेलच्या काउंटरवरच्या बाईंना सगळा स्टाफ पाठीमागे गोचीड म्हणायचा. पाहुणा आला की त्या त्याच्या क्रेडिट कार्डावर होल्ड घेत, म्हणजे पैसे कापायचे नाहीत, नुसते अडवून ठेवायचे. हा होल्ड काही दिवसांनी आपोआप सुटतो. बाईंनी आजवर एकही सुटू दिला नव्हता. मुदतीच्या आत जुना सोडायचा, नवा घ्यायचा आणि पाहुण्याला पत्ताही लागू द्यायचा नाही, याचा त्यांना कोण अभिमान!

त्या सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या काकांचा फोन आला. बायको समोरच्या हॉस्पिटलात, म्हणून ते इथे मुक्कामाला होते.

"बाई, माझं कार्ड चालेना. पैसे भरल्याशिवाय हिला ऑपरेशनला नेत नाहीत. बँक म्हणते, तुमच्या हॉटेलनं अडवलेत. तेही दोनदा!"

बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. काल मुदत चुकेल या धास्तीने त्यांनी आधी नवा होल्ड घेतला, आणि गर्दीत जुना सोडायचा राहूनच गेला.

त्यांनी घाईघाईने मशीनवर जुना सोडला. कार्ड तरीही चालेना. बँकेला फोन लावला, तर तिथला माणूस थंडपणे म्हणाला, "वेळ लागतो मॅडम. दोन-तीन दिवस."

"अहो, तिकडे त्यांची बायको ऑपरेशनसाठी ताटकळलीय! चूक माझी आहे. काय हवं ते लिहून देते, पण आत्ता सोडा."

"हॉटेलच्या लेटरहेडवर पाठवा मग. फक्त जुना सोडायचा ना?"

"दोन्ही. त्यांना कमी पडायला नकोत."

"आणि बिल बुडवून गेले तर?" मागून मॅनेजर खेकसले.

"माझ्या पगारातून कापा!"

पत्र गेलं. फोन काही वाजेना. बाईंनी एका पाहुण्याला भलत्याच खोलीची किल्ली दिली, दुसऱ्याला तर दिलीच नाही. अखेर काकांचा फोन आला. "चाललं. नेलं तिला." एवढंच बोलून त्यांनी ठेवला.

संध्याकाळी काका आले ते थेट काउंटरपाशी. बाईंना विचारायचा धीर होईना.

"शुद्धीवर आली," काका म्हणाले. "आल्याआल्या मला विचारते, जेवलात का." त्यांनी डोळे पुसले आणि कार्ड पुढे सरकवलं. "घ्या, आता अडवा पुन्हा."

बाईंनी कार्ड उचललं, मशीनपर्यंत नेलं आणि थांबल्या. आजवर कुणालाही न विचारलेलं त्यांनी विचारलं.

"काका, हॉस्पिटलात अजून किती लागतील? तेवढे सोडून उरतील, तेच अडवते."