कापलेल्या फितीचा डबा

आमच्या अमरावतीच्या महाविद्यालयाने प्राचार्यांची भाषणे टिकून राहावीत म्हणून एक टेपरेकॉर्डर विकत घेतला. तो चालवणारा माणूस शोधायचे मात्र राहून गेले. साठ सालानंतरची ही गोष्ट. मी तिथे मराठी शिकवत होतो. पण यंत्राबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक शेवटच्या पानापर्यंत वाचणारा मी एकटाच निघालो आणि यंत्र माझ्या घरी मुक्कामाला आले.

फीत कापायला मी प्राचार्यांवरच शिकलो. दर दोन वाक्यांनी घसा खाकरायची त्यांना सवय होती. फितीच्या दोन्ही चकत्या हातांनी पुढेमागे हलवत खाकरण्याची सुरुवात शोधायची, पेन्सिलीने खूण करायची आणि दाढीच्या पात्याने तिरका छेद द्यायचा. शेवट सापडला की तिथेही तसेच, मग उरलेली दोन टोके चिकटपट्टीने जोडायची. सरळ कापले तर जोडावर टक् असे ऐकू येते. महिनाभरात माझे जोड मलाही ओळखू येईनात. प्राचार्यांनी आपले भाषण ऐकले आणि म्हणाले, "मी बोलतो बरा." भाषण चांगले दहा मिनिटांनी आखडले होते, ते काही त्यांच्या लक्षात आले नाही.

माझी थोरली बहीण अकोल्याला दिली होती. भाऊजी वकील. भरदार आवाज, आणि तो कोर्टात आणि गणपतीच्या मांडवात ते सारख्याच जोरात वापरत. यंत्राची बातमी त्यांना लागली तेव्हा निरोप आला : "प्रोफेसर, मशीन घेऊन या. माणूस गेला की फोटो रायते, आवाज नाई रायत. आपण दोन्ही ठेवू."

श्रावणात मी ते धूड मांडीवर घेऊन एस.टी.ने अकोल्याला गेलो. भाऊजी तक्क्याला टेकून पदे म्हणायला बसले, ताई पेटीवर. ओळींच्या मधे भाऊजी दोनदा खोकले. तेवढ्यापुरती ताईने पेटीची ओळ पुन्हा वाजवली. परतल्यावर मी दोन खोकले कापले. प्रत्येक तुकडा चार बोटांचा. कोरी फीत मुंबईहून यायची, म्हणून तुकडा टाकवत नसे. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला, त्याला महिन्याची चिठ्ठी चिकटवली.

मग महिन्याला एक फेरी होऊ लागली. दिवाळीच्या सुमाराला तुकडे वीतभर झाले. संक्रांतीला एक तुकडा हातभर भरला. घरात राहणाऱ्यांना खोकल्याची सवय होते, जशी भिंतीवरच्या घड्याळाची होते. मी महिन्याने जात होतो आणि माझ्याजवळ माप होते. तरी आधी मनात यायचे ते जोड बेमालूम बसल्याचे समाधान. त्या समाधानाची मला आजही लाज वाटते.

एकदा म्हणालो, "भाऊजी, डॉक्टरांना दाखवून घ्या ना."

"गवयाचा खोकला म्हंजे बंदुकीची साफसफाई," भाऊजी म्हणाले. मग मीच स्वच्छ केलेली फीत लावून त्यांनी तर्जनी वर केली. "ऐका. कुठी आहे खोकला?"

वकिलाने आपल्याच बाजूचा पुरावा तयार करवून घ्यावा आणि मग त्यावर मनापासून विश्वास ठेवावा, असा तो प्रकार होता. पुरावा तयार करणारा मी. ताई पेटीचा भाता मिटून आत निघून गेली.

फाल्गुनात भाऊजींनी पदांच्या श्रवणाचा समारंभ ठरवला. स्वतः हजर असताना स्वतःचा आवाज ऐकायला लोकांना बोलवायचे, त्यासाठी निमंत्रणपत्रिका छापल्या होत्या. रविवारी सकाळी बैठकीत सतरंज्या पसरल्या. एक निवृत्त न्यायाधीश, पंधरावीस वकील आणि भाऊजींच्या घरचे डॉक्टर. मी आदल्या दिवशी डब्यातले सगळे तुकडे क्रमाने जोडून एका छोट्या चकतीवर घेतले होते. समारंभ आटोपला की डॉक्टरांना बाजूच्या खोलीत ऐकवायचे, एवढेच मनात होते.

पदे संपली. टाळ्या झाल्या. भाऊजी डॉक्टरांकडे वळले. "ऐकलं का डॉक्टर? आमचे साळे म्हणतेत, मले खोकला आहे."

लोक हसले. डॉक्टर चिवड्याची बशी हातात घेऊन म्हणाले, "आवाज तर खणखणीत आहे वकीलसाहेब. साळ्याच्याच कानाले दवा टाकू."

मी चकती बदलली.

पहिल्या दोन खोकल्यांना लोक पुन्हा हसले. "हे कोन्या रागातलं पद आहे, वकीलसाहेब?" कोणीतरी विचारले. दिवाळीचे तुकडे आले तेव्हा हसणारे दोघेच उरले. संक्रांतीचे सुरू झाले तेव्हा तेही थांबले. कोरडा खोकला ओला होत गेलेला लागोपाठ ऐकू येत होता. आणखी एक गोष्ट ऐकू येत होती, जी एकेक तुकडा कापताना माझ्या ध्यानात आली नव्हती. प्रत्येक खोकल्यामागे पेटी होती, आणि ती दर महिन्याला जास्त जोरात वाजत गेली होती. शेवटच्या तुकड्यात तर ताईने भाता सगळा जोर लावून दाबला होता. तरी खालून खोकला ऐकू येतच होता.

फीत संपली आणि भाऊजींना ढास लागली. मागे पेटी नव्हती. ताई दारात उभी होती.

डॉक्टरांनी बशी खाली ठेवली. "शेवटचं पुन्हा लावा." ऐकले. मग मला विचारले, "पहिला खोकला कधीचा?"

"श्रावणातला."

त्यांनी माझ्याकडे पाहिले. भाऊजींना म्हणाले, "उद्या सकाळी छातीचा फोटो काढू."

भाऊजी माझ्याशी बोलले ते मी निघताना. "प्रोफेसर, चार लोकांत नव्हतं लावायचं."

फोटोत क्षय निघाला, दोन्ही बाजूंना. इंजेक्शने झाली, सॅनेटोरियम झाले. पुढचा श्रावण त्यांनी पाहिला नाही. डॉक्टर एकदा मला म्हणाले होते, "तेव्हाच आणलं असतं तर." वाक्य त्यांनी पुरे केले नाही. ते पुरे करण्याचे काम तेव्हापासून माझ्याकडे आहे. महिन्यांच्या चिठ्ठ्यांचा डबा माझ्याच टेबलावर होता.

तेरावे झाल्यावर मी ताईपुढे दोन्ही चकत्या ठेवल्या. "यातली कोणती देऊ?"

तिने एकीलाही हात लावला नाही. "मले मालूम होतं रे," ती म्हणाली. "तू कापून राहिला होता, मी भाता दाबून राहिली होती. ह्यायले वाटे, आपण गाऊन राहिलो."

त्यानंतर स्नेहसंमेलनात प्राचार्यांचे भाषण मी ध्वनिमुद्रित केले आणि पात्याला हात न लावता तसेच ऐकवले. त्यांना ते आवडले नाही. मशीन बिघडले आहे, म्हणाले, दुरुस्तीला पाठवा.