पितळी काडतूस घेऊन मैलापूरला

रिकामं का असेना, काडतूस विमानात नेऊ देत नाहीत. म्हणून पुणे ते चेन्नई रेल्वेने गेले. वीसेक तास लागतात. एसीचंच तिकीट काढा, रायचूरनंतर ऊन भाजून काढतं.

काडतूस आमच्या देवघरातलं. पणजोबा पहिल्या महायुद्धात गेले ते परतलेच नाहीत. त्यांच्या एका सोबत्याने हे घरी आणून दिलं, "त्यांच्या बंदुकीतलं" म्हणून. दर खंडेनवमीला त्याची पूजा होते. हळद-कुंकू वाहणाऱ्याने मोठ्याने म्हणायचं, "पणजोबांचं!" हे काम दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. ते पुण्याच्या दारूगोळा कारखान्यात होते, काडतुसांच्या पितळी पुंगळ्या तपासायला. यंदा ते गेले. जाण्याआधी म्हणाले, "पूजेला बसण्याआधी हे वेंकटरावला दाखव."

वेंकटराव त्यांचे कारखान्यातले दोस्त, तंजावूरकडचे मराठी, आता चेन्नईतल्या मैलापूरला. मी जवळच तिरुवल्लिकेणीत उतरले होते. तिथे केळीच्या पानावर पोटभर जेवण दोनशेच्या आत मिळतं, रसम पुन्हा मागितलं तर कुणी भुवया उंचावत नाही. मैलापूरला बसने जा. रिक्षावाल्याशी हुज्जत घालून मी हरले.

"ये मा, ये," वेंकटराव म्हणाले. मराठीला तमिळचा हेल. "आधी कापी, मग काडतूस."

कॉफी संपल्यावर त्यांनी मोजमापाचा व्हर्निअर काढला. आधी काडतुसाच्या बुडावरून नख फिरवलं. दादाही अगदी असंच करायचे.

"ही ओरम, म्हणजे कड. हिच्यामुळे काडतूस बंदुकीत फार आत जात नाही, आणि झाडल्यावर बंदुकीतला हूक हिलाच धरून बाहेर ओढतो. जुनी काडतुसं सगळी अशी." मग तोंड मोजलं, खालची जाडी मोजली. "पाचशेसत्त्याहत्तर-चारशेपन्नास. इंचाचे हजारावे भाग. पहिला आकडा आणखी जुन्या, रुंद काडतुसाचा. त्याचीच मान आवळून बारीक गोळी बसवली, दुसरा आकडा तिचा."

"म्हणजे बापाचं नाव आधी, मग मुलाचं?"

"आमच्या इथल्या तमिळ लोकांसारखं!" ते हसले. मग हसू मावळलं. "तुझे पणजोबा पहिल्या महायुद्धातले. तेव्हा लढायला गेलेल्या फौजेकडे तीनशेतीनची बंदूक होती. हे तिच्या आधीच्या बंदुकीचं. त्यांच्या बंदुकीत बसलंच नसतं."

पंखा फिरत होता. शंभर वर्षं आम्ही भलत्याच काडतुसाला हळद-कुंकू वाहिलं होतं.

"मग त्या सोबत्याने खोटं सांगितलं?"

"मेलेल्याच्या घरी रिकाम्या हाताने कसा जाणार, मा? मिळालं ते आणलं असेल."

"दादांना कळायला हवं होतं."

"त्याला ठाऊक होतं. मी नोकरी सोडून इकडे आलो त्याच वर्षी, तू शाळेत होतीस तेव्हा, हेच घेऊन आला होता. याच खुर्चीत बसला. मी हेच सांगितलं. म्हणाला, आई आहे तोवर बोलणार नाही. मग म्हणाला, माझी अक्का आहे तोवर नाही."

मला राग आला, खरं सांगते. आयुष्यभर कडा तपासणारा माणूस, हजारावा भाग इकडचा तिकडे झाला तर अख्खा घाणा परत पाठवणारा! घरात मात्र दरवर्षी सगळ्यांसमोर "पणजोबांचं" म्हणत राहिला. आणि मला सांगायचं धाडस होईना म्हणून इतक्या लांब पिटाळलं.

संध्याकाळी मरीनाच्या समुद्रकिनाऱ्यावर गेले. भाजलेलं कणीस घेतलं, खाल्लं नाही. काडतूस पर्समध्ये होतं. एकदा वाटलं, द्यावं फेकून. हात पर्सपर्यंत गेलाही.

परत आले त्याच आठवड्यात खंडेनवमी. अक्का, म्हणजे माझी आत्या, पंच्याऐंशीची, पाटाशेजारी खुर्ची घेऊन बसली. तिने तिच्या आजोबांना, म्हणजे माझ्या पणजोबांना, पाहिलेलं नाही. तिला ते काडतुसातच भेटलेले. मी कडेला हळद लावली, कुंकू लावलं, आणि हात मागे घेतला.

"म्हण की गं. कुणाचं?"

"दादांनी सांभाळलेलं," मी म्हणाले.

अक्काने फूल उचललं, काडतुसावर ठेवलं आणि म्हणाली, "हो. फार जपलं त्याने आम्हाला."