घरासाठी राखलेला गोऱ्हा

ती सकाळ अजूनही जशीच्या तशी डोळ्यांसमोर आहे. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी इंग्लंडमधल्या लेस्टरजवळच्या ठाण्यात डिटेक्टिव्ह सार्जंट होतो. कत्तलखान्यातल्या मांस तपासनिसाचा फोन आला. एका शेतावरून आलेल्या आठ जनावरांचा त्याला संशय होता. अंगावर चरबी नावाला नाही, नुसते स्नायू. एक वाजता ती कापली जाणार होती आणि मांस आसपासच्या शाळांना जाणार होतं. पुराव्याशिवाय कत्तलखान्याचा मालक काम थांबवायला तयार नव्हता.

मी सरकारी पशुवैद्यांना घेऊन शेतावर निघालो. ते मूळचे पुण्याचे, माझ्याहून वडील.

"मसल वाढवायचं बॅन्ड औषध दिसतंय," गाडीत ते म्हणाले. "लिव्हरमध्ये साठतं. खाणाऱ्याचे हात थरथरतात, हार्ट धडधडतं. लॅब रिपोर्टला चार दिवस लागतील. आता तुम्हीच काय ते बघा."

गोठे, पोती, औषधांचं कपाट पालथं घातलं. काही सापडलं नाही. शेतकरी खिशात हात घालून शांत उभा. असले शांत लोक मला मुळीच आवडत नाहीत. बारा वाजून गेले होते.

मागच्या बाजूला एक गोऱ्हा एकटाच बांधलेला दिसला. अंगाने बेताचा. बादली वेगळी, खाद्याचं पोतंही वेगळं.

"हा वेगळा का?"

"घरच्या फ्रीझरसाठी."

मी त्याला रीतसर ताकीद दिली: बोलण्याची सक्ती नाही, पण जे बोलाल ते नोंदवलं जाईल. मग विचारलं, "बाकीच्यांचं खाद्य याला का नाही?"

तो बादली उचलून बाजूला ठेवू लागला. दोरीवर शाळेचं लहानसं कार्डिगन वाळत होतं.

"मुलगी दुपारी कुठे जेवते?"

"शाळेत."

"तुमची जनावरं कापल्यावर कुठे जातात, ठाऊक आहे?"

मी सांगितलं तसा त्याचा चेहरा पांढरा पडला. "आधी फोन करा!" तो ओरडला आणि पेंढ्यामागून पावडरचा डबा काढून दिला. पशुवैद्यांनी घरातून फोन करून काम थांबवलं. तेव्हा एक वाजायला दहा मिनिटं होती.

शेतकरी पायरीवर बसला. "मागच्या आठवड्यातही जनावरांची गाडी गेली होती," तो म्हणाला. "त्यानंतर मुलीचे हात थरथरत होते. आम्हाला वाटलं, ताप असेल."

मुलगी बरी झाली, त्याला शिक्षाही झाली. चौकशीत मुलीला ओढल्याचं मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण इतरांच्या मुलांसाठी त्याने तोंड उघडलं नसतं.