गोमूने लुगडं फेडलं तो शिमगा

माझा चुलतभाऊ मुंबईत गोदीत कामाला होता. शिमग्याला गावी आला की गोमू तोच व्हायचा. आमच्याकडे खेळे दारोदार नाचतात. त्यातली नाचणारी बाई ती गोमू, आणि गोमू होतो तो पुरुषच. लुगडं नेसायचं, चोळीत दोन करवंट्या बांधायच्या. बरीच वर्षं तो हे करत होता आणि त्यावरून कोणी त्याला वावगं बोललं नव्हतं.

ऐंशी सालानंतरचा एक शिमगा. सकाळी देवळामागे सोंगं चढत होती. कमरेला लुगडं नेसून त्याने चोळीसाठी सदरा काढला आणि त्याची छाती वाढलेली सगळ्यांना दिसली. मी रत्नागिरीत हायस्कुलात विज्ञान शिकवायचो. तरी सर्वांत आधी बोललो तो मीच.

"दादा, यंदा करवंट्या वाचल्या रे!"

हशा पिकला. "वयनीला सांगा, आता लुगडी दोघांना लागतील!" दुसरा कोणीतरी म्हणाला.

दादाने लुगडं फेडलं, नीट घडी करून पायरीवर ठेवलं आणि घरी गेला. दुपारी माझ्याकडे आला.

"तू शास्त्र शिकवतोस. खरं सांग, मी बाईमानूस व्हतोय काय?"

आमच्या पुस्तकात तक्ता होता. एका रकान्यात पुरुषांची संप्रेरकं, दुसऱ्यात स्त्रियांची. मी तोच म्हणून दाखवला. "इस्ट्रोजेन बायकांचं. तुझ्यात कुठून शिरलं, देव जाणे."

दुसऱ्या दिवशीच्या एसटीने तो गेला, तो पुन्हा शिमग्याला आला नाही. गावात बोललं जाऊ लागलं: तो तसलाच, म्हणून तर लुगडं आवडायचं.

मला मात्र तो प्रश्न सोडेना. ओळखीच्या डॉक्टरांकडून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि चार रविवार शब्दकोश घेऊन बसलो. वाचता वाचता मी चकितच झालो. इस्ट्रोजेन पुरुषातही असतं, आणि ते बनतं त्याच्याच पुरुषी संप्रेरकापासून! एक विकर, म्हणजे एन्झाइम, हा पालट घडवतं. तरुण बाईच्या शरीरात ते मुख्यतः बीजांडकोशात काम करतं, पाळीप्रमाणे कमीजास्त. पुरुषात ते जास्त करून चरबीत, थोडं थोडं, पण रोज. मग यकृतातली दुसरी विकरं इस्ट्रोजेन मोडून बाहेर घालवतात. यकृत बिघडलं की हा तोल जातो आणि पुरुषाची छाती वाढू शकते.

पुस्तक परत करताना डॉक्टरांनी विचारलं, "भावाला कधी कावीळ झाली होती?"

झाली होती. दोनदा.

"मग यकृत तपासून घ्यायला सांगा. लवकर."

मी पत्र लिहायला घेतलं. पण दादाला वाचता येत नव्हतं. मुंबईत गावची दहाबारा माणसं एका खोलीत राहायची, तिथे पत्र मोठ्याने वाचलं जायचं. मास्तरने चुकीचं सांगितलं, हे सगळ्या गावाला कळलं असतं. पत्र लिहिलं नाही. दोन वर्षांनी तो यकृताच्याच दुखण्याने गेला.

गेल्या महिन्यात त्याची मुलगी आली होती. आता तिनेही पन्नाशी ओलांडली आहे. "काका, बाबा खरंच तसले होते?" मी तिला करवंट्यांपासून यकृतापर्यंत सगळं सांगितलं. ती कान देऊन ऐकत होती.

"म्हणजे इस्ट्रोजेन तुमच्यातही आहे?"

"आहे. या वयात तुझ्यापेक्षा जास्तसुद्धा असेल."

ती हसली. मग म्हणाली, "हे तुम्हाला कळलं कधी?"

"त्याच वर्षी. वैशाखात."

"बाबा होते तेव्हा?"

"होते," मी म्हणालो.